बार रूम नसलेले वकील

एकाच आठवड्यात दोन वाक्यं कानावर आली. पहिलं, रुग्णहक्कांसाठी मनापासून झटणाऱ्या एका कार्यकर्तीचं: "हॉस्पिटलांचे वकील एकत्र बसायला लागले की पेशंटने समजून जावं, आता आपली खैर नाही." दुसरं, एका ट्रस्ट हॉस्पिटलच्या विश्वस्तांचं: "आपल्या घरातलं बाहेर सांगायला पगार देतो का आपण यांना?" निमित्त एकच होतं. शहरातल्या सात-आठ हॉस्पिटलांच्या लीगल ऑफिसरांनी महिन्यातून एकदा भेटावं, अडलेल्या प्रश्नांवर बोलावं, एवढा साधा प्रस्ताव. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे हे दोन पक्ष त्याला विरोध करताना मात्र एकाच बाजूला उभे राहिले. कार्यकर्तीला वाटतं, तिथे पेशंटविरुद्ध डाव शिजेल. विश्वस्तांना वाटतं, तिथे हॉस्पिटलची लक्तरं टांगली जातील. दोघांनीही एक गोष्ट न तपासता धरून चाललंय, की हॉस्पिटलचा वकील म्हणजे खटले लढवणारा माणूस. इथेच वाद घसरलाय. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: असे गट हवेत, आणि ते नीट चालले तर हॉस्पिटलपेक्षा पेशंटचा फायदा जास्त आहे. मी स्वतः याच नोकरीत केस पिकवलेत, तेव्हा माझा स्वार्थ यात आहे हेही धरून चाला.

आमचं काम काय असतं? मी कोर्टात उभा राहत नाही, राहू शकतच नाही. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवावी लागते. खटला पॅनेलवरचे बाहेरचे वकील चालवतात, मी त्यांना कागद जुळवून देतो. बाकी सगळा वेळ फोनवर जातो. रात्री साडेअकराला कॅज्युअल्टीतून आरएमओ, म्हणजे ड्यूटीवरचा निवासी डॉक्टर, विचारतो: अपघातातला पेशंट बेशुद्ध आहे, सोबत कुणी नाही, ऑपरेशनच्या कागदावर सही कोणाची घेऊ? आयसीयूत दोन भाऊ आहेत, एक म्हणतो व्हेंटिलेटर लावा, दुसरा म्हणतो नको. चौकीवरून हवालदार आलेत, लेखी पत्र नाही, पण अख्ख्या केस पेपरची झेरॉक्स मागतायत. एका आजोबांच्या मुलीने वडिलांचं 'लिव्हिंग विल' पुढे केलंय (बरं होण्याची आशा नसेल तर यंत्रांवर जगवू नका, असं आधीच लिहून ठेवलेला कागद), खाली नोटरीचा शिक्का आहे, आता करायचं काय? यातल्या प्रत्येक प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे. फक्त ते चार मिनिटांत द्यायचं असतं, आणि द्यायचं ते अशा डॉक्टरला, ज्याला कलम नकोय, 'हो' की 'नाही' हवंय. पॅनेलवरच्या मोठ्या वकिलाला त्या वेळी फोन लागत नाही. लागला तरी त्याला कोर्ट माहीत असतं, कॅज्युअल्टी माहीत नसते.

जिल्हा कोर्टातल्या अगदी नवख्या ज्युनिअरकडेही एक गोष्ट असते, जी माझ्याकडे नाही: बार रूम. तिथे कळकट टेबलांवर चहाचे कप असतात, खुर्च्यांच्या पाठींवर काळे कोट टाकलेले असतात आणि कोपऱ्यात एखादे सत्तरीचे वकीलसाहेब पेपर वाचत बसलेले असतात. ज्युनिअर जाऊन विचारतो, "साहेब, असं असं झालंय." साहेब चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "अरे, हे मागे आमच्याकडे झालं होतं, थांब." त्या 'थांब'मध्ये जे मिळतं ते कुठल्या पुस्तकात नसतं. अशिलाचं नाव न घेता अडचण कशी मांडायची, हेही ज्युनिअर तिथेच शिकतो. डॉक्टरांकडे वैद्यकीय संघटनांच्या शाखा आहेत, मृत्यू झालेल्या केसवर विभागात होणारी चर्चा आहे. हॉस्पिटलच्या वकिलाने कोट उतरवला की बार रूमही सुटते. शेकडो माणसं काम करत असलेल्या इमारतीत त्याच्या धंद्याचा तो एकटाच असतो. मग तो काय करतो? आधीच्या ऑफिसरने जे केलं तेच करतो. आधीच्याने चूक केली असेल, तर ती चूक ही हॉस्पिटलची पद्धत होऊन बसते.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येतं: चुका झाल्या तर कोर्ट आहे ना, निकाल येतात, त्यातून शिका. निकालातून शिकायला किती वर्षं लागतात ते बघू. १९५३ च्या मे महिन्यात आपल्या कोकणात, पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाचं मांडीचं हाड मोडलं. त्याला उपचारांसाठी पुण्याला आणलं आणि तिथे तो दगावला. डॉक्टरची कर्तव्यं कोणती, हे सांगणारा 'लक्ष्मण जोशी विरुद्ध त्रिंबक गोडबोले' हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यातूनच आला, पण तो आला १९६८ मध्ये. १९९५ मध्ये दिल्लीत एका बाईंना तपासणीसाठी भूल दिली आणि आईची सही घेऊन त्यांचं गर्भाशय काढून टाकलं. अशी संमती संमतीच नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते २००८ मध्ये. १९९८ मध्ये कोलकात्यात उपचारांतल्या निष्काळजीपणाचं जे प्रकरण घडलं, त्यातली सुमारे सहा कोटींची भरपाई ठरली २०१३ मध्ये. पंधरा वर्षं, तेरा वर्षं, पुन्हा पंधरा वर्षं. निकाल आल्यावर तरी तो वॉर्डापर्यंत पोचतो का?

माझ्याच हॉस्पिटलचं सांगतो. मी रुजू झालो तेव्हा २००८ चा तो निकाल येऊन काही वर्षं झाली होती. आमच्या ऑपरेशनच्या संमतिपत्रावर मात्र तळाला बारीक टायपात एक ओळ होतीच: ऑपरेशनदरम्यान डॉक्टरांना आवश्यक वाटेल ती कोणतीही शस्त्रक्रिया करण्यास माझी संमती आहे. जीव वाचवण्यासाठी तातडीने काही करावं लागलं तर कायदा डॉक्टरच्या पाठीशी आहे, त्यासाठी ही ओळ लागत नाही. इतर वेळी ही ओळ टिकतच नाही. म्हणजे पेशंटला फसवायला पुरेशी आणि हॉस्पिटलला वाचवायला निरुपयोगी. दरवर्षी प्रेसमध्ये जुना नमुना जायचा आणि नवे गठ्ठे यायचे. कुणाचा दुष्टपणा नव्हता, कुणी वाचलंच नव्हतं. मीही नाही. मला ते कळलं ग्राहक मंचाच्या (तेव्हा 'मंच'च म्हणायचे) व्हरांड्यात, दुसऱ्या एका हॉस्पिटलच्या वयाने मोठ्या लीगल ऑफिसर बाईंकडून. तारीख पुढे गेली म्हणून आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. त्यांनी माझ्या फाइलमधला फॉर्म पाहिला आणि त्या ओळीवर नुसतं बोट ठेवलं.

आता सांगा, त्या बाकावर पेशंटविरुद्ध कट शिजला का?

दुसरं उदाहरण याहून नाजूक आहे. सतरा वर्षांची मुलगी आईबरोबर ओपीडीत येते, दिवस गेलेले आहेत, गर्भपात हवाय. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, म्हणतो, पोलिसांना कळवलंच पाहिजे. गर्भपाताचा कायदा म्हणतो, नाव गुप्त ठेवलंच पाहिजे. दोन्ही कायद्यांत डॉक्टर अडकतो. एखादं हॉस्पिटल आधी पोलीस म्हणतं, तर दुसरं "सरकारीत जा" सांगून हात झटकतं. पोलिसांचं नाव काढल्यावर आई मुलीला घेऊन निघून जाते, कुठे जाते ते आपण सगळे जाणतो. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्ग काढून दिला: पोलिसांना कळवायचं, पण मुलीने आणि पालकाने विनंती केली तर तिची ओळख उघड करायची गरज नाही. निकाल वर्तमानपत्रांत आला, विवाहित-अविवाहित भेद मिटला म्हणून गाजलाही. हा भाग मात्र आमच्या ओपीडीच्या टेबलापर्यंत पोचायला बरेच महिने लागले, आणि ते मी कौतुकाने सांगत नाहीये. गर्भपातात महिने मोजत नाहीत, आठवडे मोजतात. पोलिसांना द्यायच्या त्या पत्राचा मजकूर कसा असावा, ओळख न सांगता माहिती कशी द्यावी, हे पाच जणांनी एकदा बसून ठरवलं असतं तर पाच इमारतींत पाच वेगळ्या चुका झाल्या नसत्या.

'लिव्हिंग विल'चंही तेच. मुंबईच्या केईएममध्ये अरुणा शानबाग १९७३ पासून २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षं पडून होत्या. त्यांच्यासाठी झालेल्या याचिकेच्या २०११ मधल्या निकालातून जी वाट निघाली, ती २०१८ मध्ये घटनापीठाने रुंद केली आणि २०२३ मध्ये सोपी केली: दोन साक्षीदार, आणि न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. कागद करणं सोपं झालं. तो आयसीयूत आणल्यावर पुढे काय? हॉस्पिटलने आधी एक वैद्यकीय मंडळ नेमायचं, मग दुसरं. दुसऱ्या मंडळावर जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला डॉक्टर हवा. ते पत्र कुणाच्या नावे, कुठल्या टेबलावर, उत्तर आलं नाही तर स्मरणपत्र कुणाला? हा कायद्याचा प्रश्नही नाही, दाराचा प्रश्न आहे. ज्या हॉस्पिटलने ते दार एकदा ठोठावलंय, त्यालाच ते कुठे आहे हे माहीत असतं. आणि त्याने ते शेजाऱ्याला सांगायचं नाही, अशी आपली शिस्त.

विमानवाल्यांनी हा धडा फार महागात शिकला. १ डिसेंबर १९७४ ला वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे उतरताना टीडब्ल्यूए कंपनीचं विमान व्हर्जिनियातल्या डोंगरावर आदळलं, ९२ माणसं गेली. चौकशीत निघालं की सुमारे सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड कंपनीच्या वैमानिकांचाही त्याच वाटेवर, किती खाली उतरायचं याबद्दल, तसाच गैरसमज झाला होता, ते थोडक्यात बचावले होते. त्यांनी आपल्या कंपनीत ते सांगितलं, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. शेजारच्या कंपनीला ते कळलं नाही. १९७६ मध्ये अमेरिकेने अशा चुका नावानिशी न छापता गोळा करण्याची व्यवस्था सुरू केली आणि ती विमानखात्याऐवजी नासाकडे दिली, म्हणजे सांगणाऱ्याला शिक्षेची धास्ती राहू नये. इतकं लांब जायला नको असेल तर केरळ बघा. तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाने २००४ पासून मातामृत्यूंचा गोपनीय आढावा सुरू केला. बाई कोण, डॉक्टर कोण, हॉस्पिटल कोणतं, हे झाकून मृत्यू का झाला एवढंच तपासायचं आणि निष्कर्ष सगळ्यांसाठी छापायचे. डॉक्टर एकत्र बसून बायकांविरुद्ध कट करतायत, असं तिथे कुणी म्हणालं का?

आता विरोधकांची बाजू, आणि ती मी पातळ करून मांडणार नाही. पहिली भीती संगनमताची. ती खरी आहे. सात-आठ हॉस्पिटलांची जबाबदार माणसं एका टेबलाशी बसली की चहाच्या दुसऱ्या कपाला कुणीतरी विचारणारच: तुम्ही तडजोडीला कितीपर्यंत जाता? तिसऱ्या कपाला: अमुक डॉक्टर पेशंटच्या बाजूने तज्ज्ञ म्हणून साक्ष देतात, त्यांचं काय करायचं? पहिला प्रश्न स्पर्धा कायद्याच्या कलम ३ कडे, म्हणजे धंद्यातल्या संगनमताच्या मनाईकडे, घेऊन जातो, दुसरा सरळ गुंडगिरीकडे. असं बोलणं सुरू झालं तर मी उठून जाईन, आणि गटाने उठून गेलं पाहिजे. पण मग प्रश्न येतो, ज्यांना हे करायचंय त्यांना आमच्या शनिवारच्या टेबलाची गरज आहे का? मोठ्या साखळी हॉस्पिटलांचं लीगल डिपार्टमेंट हाच मुळात एक गट असतो. दहा शहरांतल्या शाखांचा अनुभव एका मजल्यावर जमा होतो. बाकीच्यांसाठी पंचतारांकित हॉटेलांतल्या परिषदा आहेत, विमा कंपन्यांनी आणि लॉ फर्मांनी प्रायोजित केलेल्या, जिथे जेवणाच्या रांगेत काय बोललं जातं त्याची नोंद कुठेच नसते. बोलणं बंद करा म्हटल्याने ते बंद होणार नाही. ट्रस्टचं शंभर खाटांचं हॉस्पिटल आणि डॉक्टर नवरा-बायकोने चालवलेलं पंधरा खाटांचं नर्सिंग होम, जिथे लीगल ऑफिसर नावाची खुर्चीच नाही, एवढेच फक्त बाहेर राहतील.

दुसरी भीती विश्वस्तांची, आणि कायद्याने ती अलीकडे बळकट केली आहे. ३१ ऑक्टोबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पगारी, इन-हाउस वकील हा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मधला वकील नव्हे. वकील-अशिलातलं बोलणं गुप्त ठेवणाऱ्या त्या कलमाच्या कवचाखाली त्याचं आणि मालकाचं बोलणं येत नाही. बाहेरच्या कायदेशीर सल्लागाराशी झालेल्या बोलण्याला कलम १३४ चं संरक्षण आहे, तेवढंच. म्हणजे मी माझ्याच डायरेक्टरला पाठवलेली ईमेल उद्या मागितली जाऊ शकते, तर शेजारच्या हॉस्पिटलच्या माणसाला पाठवलेल्या मेसेजची काय कथा! हे सगळं मान्य. शिवाय पेशंटची माहिती ही हॉस्पिटलची नसतेच, ती पेशंटची असते. वय, वॉर्ड आणि तारीख एवढं बोललं तरी आपल्या शहरात माणूस ओळखू येतो.

पण यातून निघतं काय? गटाने तोंड बंद ठेवावं, की काय बोलायचं ते ठरवून बोलावं? माझ्या मते चालू खटल्याचा शब्द टेबलावर येऊ नये. संपलेल्या खटल्यातही पेशंट ओळखू येईल असं काही नको. दर, पॅकेज, तडजोडीचे आकडे, साक्षीदारांची नावं, हे विषय दाराबाहेर. आणि व्हॉट्सअॅप ग्रुप तर अजिबात नको. आजच्या घडीला असे बहुतेक 'गट' म्हणजे नेमका व्हॉट्सअॅप ग्रुपच असतो: सकाळी सुविचार, दुपारी निकालाची न वाचलेली पीडीएफ आणि रात्री कुणीतरी घाबरून टाकलेला केस पेपरचा फोटो, पेशंटच्या नावासकट. विश्वस्तांची तक्रार या प्रकाराबद्दल असेल तर मी त्यांच्या बाजूने आहे. समोरासमोर बसावं, प्रश्न मांडावा, प्रकरण मांडू नये. जे ठरेल, म्हणजे फॉर्मचा नमुना, पत्राचा मजकूर, पायऱ्यांचा कागद, ते मराठीत छापून कुणालाही मिळेल असं ठेवावं, त्या कार्यकर्तीलाही. तिने त्यातल्या चुका काढाव्यात. पेशंटच्या वकिलांकडे असं टेबल नाही, हा तिचा आक्षेप रास्त आहे. आमच्या टेबलावरचा कागद तिच्या हातात असणं, हे मला त्यावरचं सुचलेलं उत्तर आहे. पुरेसं आहे का? नसेल. पण आज तिच्या हातात काहीच नाही.

आणि तिला एक विचारावंसं वाटतं. एका हॉस्पिटलमध्ये नवऱ्याची सही चालते, पलीकडच्या रस्त्यावर भावाचीही लागते. एकीकडे इंडोर पेपर, म्हणजे भरती असतानाच्या उपचारांच्या नोंदी, अर्ज केल्यावर ७२ तासांत मिळतात, जसे नियमाप्रमाणे मिळायला हवेत, दुसरीकडे "वरून परवानगी आली की देऊ". धर्मादाय हॉस्पिटलांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना २००६ पासून आहे: दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, त्यासाठी बिलांच्या दोन टक्क्यांचा निधी, आणि तातडीचा पेशंट आला तर आधी दाखल करून घ्या. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर डिपॉझिटवरून रान पेटलं, तेव्हा ही एकोणीस वर्षं जुनी योजना अनेकांनी पहिल्यांदा ऐकली. अॅडमिशन काउंटरवर बसणाऱ्यांपैकी किती जणांनी ती वाचली असेल? हॉस्पिटलागणिक नियम बदलतो, तेव्हा नुकसान कुणाचं होतं? हॉस्पिटलला त्या गोंधळाने फारसं काही होत नाही. ज्याचा माणूस आत आहे तोच हेलपाटे घालतो.

व्हरांड्यातल्या त्या बाईंची गोष्ट अर्धीच सांगितली. संमतिपत्रावरून बोट उचलल्यावर त्यांनी विचारलं, "तुमचा 'डामा'चा फॉर्म दाखवा." डॉक्टरांचा सल्ला न मानता पेशंटला घरी नेताना नातेवाईक सही करतात तो कागद. तारखेला अजून वेळ होता. आमच्या फॉर्मवर होतं: मी माझ्या पेशंटला 'स्वखुशीने' घेऊन जात आहे. त्यांच्या फॉर्मवरही तेच होतं, आणि ते त्यांना कित्येक दिवस खुपत होतं. "आयसीयूतून माणूस कुणी स्वखुशीने नेतं का हो?" त्या म्हणाल्या. त्यांनी पेनाने तो शब्द खोडला आणि बाजूला 'नेण्याचं कारण' असा रकाना आखला. मी म्हटलं, पेशंटने त्यात 'पैसे नाहीत' असं लिहिलं तर कोर्टात आपल्याच अंगावर येईल. त्या म्हणाल्या, येऊ दे.

दोघांच्या हॉस्पिटलांत तो फॉर्म बदलून घ्यायला मिळून दीड वर्ष गेलं. आमच्याकडे आता त्या रकान्यात 'पैसे' हा शब्द आला की सिस्टर सही घेण्याआधी सोशल वर्कर मॅडमना फोन करते, आणि त्या निर्धन रुग्ण निधीचा अर्ज घेऊन वर येतात.